भाऊजींची नदी उलटी का वाहते

आमच्या गावाच्या बस स्टँडच्या लांब भिंतीवर एक नदी काढलेली आहे. ती डोंगराकडे वाहते, म्हणजे खालून वर. काठावरच्या झाडाची सावली एका बाजूला पडली आहे, दगडाची दुसऱ्या बाजूला, आणि मागे जी टेकडी आहे तसली टेकडी आमच्या पंचक्रोशीत कुठेही नाही. बसची वाट बघणारी माणसं ते चित्र बघून हसतात. कुणी नवखा विचारतो, हे कुणाचं काम? मग शेजारचा सांगतो, इथे एक पेंटर होते, एके काळी फार चांगला हात होता, म्हातारपणी गेला बिचाऱ्यांचा.

ते पेंटर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भाऊजी. त्यांचा हात गेला असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इतकी वर्षं मी तोंड दाबून बसले, कारण बसावं लागलं. आता ताईही नाही. आणि गेल्या वर्षीच्या पुरात नदीचा तो काठच ढासळला, झाड मुळासकट वाहून गेलं. तिथे शोधायला काही उरलेलं नाही, तेव्हा आता सांगायला हरकत नाही.

भाऊजींचा धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे. घराच्या खालच्या खोलीत त्यांचे डबे आणि ब्रश, वरच्या खोलीत माझं शिवणयंत्र. माझा नवरा गेल्यावर ताईने मला सामानासकट उचलून आपल्याकडे आणलं, ती मी तिथेच राहिले. टर्पेंटाइनचा वास जिन्याने वर यायचा आणि कपड्यांत बसायचा. माझी गिऱ्हाइकं शिवलेला कपडा नेताना आधी नाकाशी धरून बघायची. मी खाली ओरडायचे, भाऊजी, तुमच्यापायी माझा धंदा बसणार. ते खालून म्हणायचे, तुझ्या जिभेपायी बसेल त्याच्या आधी.

त्यांच्यात खोड एकच होती. त्यांना मनाने काही काढता यायचं नाही. बघितलेलं असेल तेच काढायचे आणि बघितलं असेल तसंच. दूधवाल्याने पाटीवर आपली गाय काढून मागितली. गाईचं एक शिंग मोडलेलं होतं, ते पाटीवरही मोडलेलंच आलं. दूधवाला भांडायला आला, म्हणाला, दुसरं शिंग काढायला रंग संपला होता का? भाऊजी म्हणाले, ते गाईला विचार. न्हाव्याच्या पाटीवर न्हाव्याचा चेहरा काढला, तर नाकाशेजारची चामखीळ इतकी हुबेहूब की न्हाव्याने पाटी महिनाभर उलटी टांगली. माझंही एक चित्र काढलं होतं. त्यात माझ्या कपाळाला आठी आहे. मी कुरकुर केली तर म्हणाले, बसली होतीस तेव्हा होती. ताई सगळ्यांना सांगायची, "लग्न झाल्यापासून मी आरसा विकत घेतलेला नाही, गरजच पडली नाही."

आमच्या नदीत पूर्वी पाणमांजरं होती असं म्हातारी माणसं सांगायची. माझ्या पिढीने त्यातलं एकही बघितलेलं नव्हतं. ती केव्हाच संपली असं सगळे धरून चालले होते. एकदा भाऊजी नदीकडच्या जुन्या पंपघराची पाटी रंगवायला गेले. रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत काठावर जाऊन बसले, तेव्हा त्यांना शीळ ऐकू आली. त्यांना वाटलं, कुणीतरी टवाळ पोरगं असेल. मग पाण्यातून एक चपटं, ओलं डोकं वर आलं, त्यांच्याकडे बघून परत खाली गेलं आणि मागोमाग लहान दोन डोकी वर आली. पाटी अर्धी टाकून भाऊजी घरी आले. दार लावून घेतलं, कडी घातली आणि कुजबुजत आम्हा दोघींना सांगितलं. घरात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी कुजबुजत.

मग रोज सकाळी नवरा-बायको नदीवर. भाऊजी चित्राची वही न घेता जायचे, नुसते बघायला. कधी कधी मीही जायचे. पिल्लांची आई मासा दोन्ही हातांत धरून डोक्याकडून खायची, काटे मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. दोन पिल्लांतलं एक पाण्याला भ्यायचं. आई त्याला मानगुटीला धरून पाण्यात न्यायची आणि ते सुटून परत वाळूत येऊन लोळायचं. ताई तोंडावर पदर धरून हसायची, खांदे हलायचे तिचे. ताईला मूल नव्हतं, म्हणून दोघांनी त्या जनावरांना जीव लावला, असं नंतर गावातल्या बायका म्हणाल्या. मला ते बिलकूल मान्य नाही. घरात चार पोरं असती तर भाऊजी चौघांना घेऊन तिथे बसले असते, एवढाच काय तो फरक.

पाणमांजरांचं बीळ वाळुंजाच्या एका आडव्या वाढलेल्या झाडाखाली होतं. बिळाला तीन तोंडं. एक मुळांच्या मधे, एक चिरफळलेल्या सपाट दगडाच्या मागे. ही दोन्ही नीट बघणाऱ्याला दिसली असती. तिसरं मात्र पाण्याखाली होतं. पाणी उतरलेलं असेल, ऊन सरळ पडत असेल आणि माणूस त्या दगडावर पालथा पडून बघत असेल, तरच खाली एक काळा डाग दिसायचा. भाऊजींनी तो शोधला तेव्हा घरी आले ते पोट खरवडून. ताई औषध लावत होती आणि हे विव्हळत सांगत होते की आईला धोका वाटला तर ती पिल्लांना घेऊन त्या तोंडाने निघून जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही.

त्याच सुमारास नगरपालिकेने टूम काढली की गावातल्या कलावंतांनी गावाच्या भिंतींवर इथले दुर्मीळ पशुपक्षी काढावेत. कलावंत म्हणजे शाळेचे ड्रॉइंग मास्तर, फोटो स्टुडिओवाला, मातीची भांडी रंगवणारी एक बाई आणि भाऊजी. मास्तरांनी शाळेच्या भिंतीवर घुबड काढलं, ते हेडमास्तरांसारखं दिसतं म्हणून मुलं त्याला नमस्कार करून वर्गात जायची. भाऊजींना बस स्टँडची भिंत मिळाली, सगळ्यात लांब. त्यांनी काय काढायचं हे विचारायचीही गरज नव्हती.

आधी भिंतीवर चौकोन पाडायचे. नीळ लावलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची. फट्‌ आवाज होतो आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उठते. दोरीचं दुसरं टोक धरायला मी असायचे. माझी बोटं निळी व्हायची आणि मग मी पांढरा कपडा शिवायला घेतला की ताई माझ्या हातावर मारायची. चौकोन झाले, काठ आला, झाड आलं, तीन मुळं बोटांसारखी पाण्यात गेलेली, चिरफळलेला दगड, मागे पंपघराच्या पायऱ्या. सावल्याही सकाळच्या वेळी पडतात तशा. ताई डबा घेऊन आली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, काठ असा जसाच्या तसा कशाला? नुसतं पाणी दाखवा ना."

"मग ती राहतात कुठे, हे बघणाऱ्याला कसं कळणार?" भाऊजी म्हणाले.

ताईने फार ताणलं नाही. चित्रातलं त्यांना कळतं, असं म्हणून डबा उघडला.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी घालवला तो तिसऱ्या तोंडावर. वरून वाहणारं स्वच्छ पाणी आणि पाण्यातून दिसणारा खालचा अंधार, असं दोन्ही एकाच जागी दाखवायचं होतं. हिरव्यात तपकिरी घालून पातळ हात द्यायचे, फडक्याने पुसायचे, परत द्यायचे. जमलं त्या संध्याकाळी ते घरी येऊन नुसते हसत बसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "पाण्याखालचा अंधार काढला आज. आयुष्यात पहिल्यांदा."

गावाने चित्र डोक्यावर घेतलं. बाहेरगावची माणसं मुद्दाम उतरून बघायला लागली. बसची वाट बघणाऱ्या एका परक्या माणसाने भाऊजींना म्हटलं, "इतकं खरं काढलंय पेंटर, की रस्ता विचारायची गरज नाही." आयुष्यभर गिऱ्हाइकांशी भांडून पाट्या केलेल्या माणसाला अशी शाबासकी कधी मिळाली नव्हती. त्यांनी ते वाक्य ताईला सांगितलं, मला सांगितलं, स्टुडिओवाल्याला सांगितलं, आणि माझ्या यंत्राशी येऊन मला परत सांगितलं. मी म्हटलं, भाऊजी, पाठ झालं आता. त्यांना राग आला नाही, ते खुशीत होते.

मग एका सकाळी शीळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर आम्ही तिघं पाण्यातून पलीकडे, थेट झाडापाशी गेलो. वाळू तुडवलेली होती. मुळांमधल्या तोंडाशी तारेचा फास होता, ओढला जाऊन घट्ट झालेला. दगडामागच्या तोंडाशी दुसरा, आणि तिथे जे दिसलं ते मी लिहिणार नाही. ताई तोंड फिरवून उभी राहिली. भाऊजींनी सदरा काढून दगडावर ठेवला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले. हात खाली घालून चाचपत राहिले. मला वाटलं, तिथे काही नसेल, आई त्या वाटेने गेली असेल. मी मनात तेच घोकत होते. त्यांचा हात वर आला तेव्हा हातात तार होती आणि तारेत केसांचा एक पुंजका.

पाण्यात तसेच उभे राहून त्यांनी ताईकडे बघितलं.

"हे तिसरं कुणाला माहीत होतं?"

ते तोंड गावात कुणालाही माहीत नव्हतं. ते फक्त आम्हाला माहीत होतं, आणि भिंतीला.

चौकशीला माणसं आली, बघून गेली, कुणी सापडलं नाही. गाव चार दिवस हळहळलं. आणि मग लोक भाऊजींना रस्त्यात थांबवून म्हणायला लागले की बरं झालं तुम्ही काढून ठेवलीत, पुढच्या पिढीला निदान चित्रात तरी दिसतील. लोक मनापासून म्हणत होते, म्हणून कुणाला काही बोलताही येत नव्हतं. भाऊजी मान हलवायचे, घरी यायचे आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायचे. मला वर-खाली करताना त्यांना ओलांडून जावं लागायचं. नगरपालिकेत जाऊन त्यांनी सांगितलं की माझ्या चित्रामुळे हे झालं, मला ती भिंत चुन्याने पुसू द्या. तिथल्या माणसांनी त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि घरी पाठवलं. कलावंत माणूस, मनाला लावून घेतलं, असं म्हणाले. भिंत आता गावाची शान होती, ती कोण पुसू देतंय?

मला त्यांचा राग आला होता, म्हणजे त्यांच्या त्या पायरीवर बसण्याचा. एकदा मी फटकन बोलले, "फास काय तुम्ही लावलेत का?"

"लावायला काय लागतं?" ते म्हणाले. "जागा कळायला लागते."

त्यानंतर मी त्यांना मुकाट ओलांडून जायला लागले.

पुढल्या वर्षी पाणी उतरल्यावर एकदा ते सकाळी बाहेरून आले आणि दार लावून कडी घातली. ते कुजबुजले, "एक आहे. पिल्लू असणार. लव्हाळ्यातून शीळ आली." बहुतेक ते पाण्याला भिणारं, असं त्यांचं म्हणणं, पाण्याच्या वाटेने गेलंच नसेल म्हणून वाचलं. दुसऱ्या दिवशी ते ताईला घेऊन गेले. परत आल्यावर मी ताईच्या तोंडाकडे बघितलं. ताई म्हणाली, "हो. मीही ऐकली." मला मात्र ते न्यायला तयार नव्हते. जितकी कमी माणसं तितकं बरं, म्हणाले. स्वतःही काठावर जायचं त्यांनी सोडलं. लांब पंपघराच्या पायरीवर बसायचे, कान देऊन, आणि घरी यायचे. ते जनावर परत त्याच बिळात येणार याची त्यांना खात्री होती.

मग त्यांनी नगरपालिकेला सांगितलं की भिंत उन्हाने फिकी पडली आहे, ताजी करून देतो. तिथे सगळ्यांना आनंद झाला, पेंटर सावरले म्हणून. भाऊजींनी पहिल्यांदा तिसरं तोंड खरवडलं. तो पाण्याखालचा अंधार त्यांनी पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढला आणि त्यावर साधा निळा रंग दिला. मी शिडी धरून उभी होते. रंगाचा चुरा माझ्या डोक्यावर पडत होता. मी वर बघितलं नाही.

त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं. झाड दुसऱ्या काठावर नेलं, दगड काढला, पंपघर पुसलं, आणि सगळ्यात शेवटी नदीची दिशा फिरवली. हे लिहायला सोपं आहे. ज्या माणसाला मनाने शिंगसुद्धा काढता यायचं नाही त्याने हे केलं. ब्रश हातात घेऊन भिंतीसमोर घाम पुसत उभे राहायचे. एकदा वर माझ्या खोलीत आले आणि विचारलं, "नसलेली टेकडी कशी असते गं?" मी कात्री खाली ठेवली. तोंडाला येईल ते सांगितलं, अशी गोल, वर थोडी बसकी. त्यांनी लहान मुलासारखं ऐकून घेतलं आणि तशी काढली. ढग काढले ते माझ्याकडे शिवायला आलेल्या एका छापील कापडावरून. खोटं काढायचा हातच नव्हता त्यांना, म्हणून सगळं बेंगरूळ झालं. रंगाचा नुसता बेरंग.

लोक आधी गप्प होते, मग हसायला लागले. ड्रॉइंग मास्तर चारचौघांत म्हणाले, "पेंटर, तुमची नदी उलटी वाहायला लागली की." भाऊजी म्हणाले, "वय झालं." हळूहळू पाट्यांचं काम येईनासं झालं. ज्याला टेकडी धड काढता येत नाही त्याला दुकानाची पाटी कोण देणार? आणि न्हाव्याने, तोच तो पाटी उलटी टांगणारा, ती चामखिळीची पाटी धूळ पुसून आत आरशाच्या वर लावली. आल्यागेल्याला दाखवायचा, हे पेंटरांच्या चांगल्या दिवसांतलं. भाऊजी त्याच्याकडे दाढीला जायचे ते त्या पाटीखाली बसायचे. मी म्हटलं, दुसरीकडे जा. म्हणाले, पाटी चांगलीच आहे की.

ते छातीच्या दुखण्याने गेले. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा सकाळी ताईला नदीकडे पाठवायचे. ती परत आली की विचारायचे, "येते का?" ताई म्हणायची, "येते." मग डोळे मिटून पडून राहायचे.

शोकसभा शाळेत झाली. ड्रॉइंग मास्तर बोलायला उठले. माणूस वाईट नाही, जिभेला हाड नाही एवढंच. म्हणाले, पेंटरांची आठवण ती शेवटची बिघडलेली भिंत असू नये. स्टुडिओवाल्याकडे मूळ चित्राचा मोठा फोटो आहे, त्यावरून आपण सगळे मिळून ती भिंत पहिल्यासारखी करू. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले. मलाही वाटलं, सुटलो एकदाचे, आता कुणी हसणार नाही.

ताई उठली. ती जन्मात कधी चार माणसांसमोर बोललेली नव्हती. "नको," ती म्हणाली. "त्यांनी शेवटी जशी ठेवली तशीच राहू द्या." आणि खाली बसली. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या शेवटच्या कामात बाईचा जीव अडकला आहे. विषय तिथेच संपला.

घरी येताना मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, गाव त्यांना हसतंय, कायम हसणार आहे, तुला त्यांच्या नावाचं काहीच वाटत नाही का? एका जनावरासाठी? मान्य आहे, तू स्वतःच्या कानांनी शीळ ऐकलीस म्हणून तुला...

ताई रस्त्यातच थांबली.

"मी नाही ऐकली गं. एकदाही नाही."

मी विचारलं, मग हो का म्हणालीस?

"ते कान देऊन उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. काय सांगणार होते मी?"

"म्हणजे तिथे काहीच नव्हतं? ताई, म्हणजे एवढी वर्षं त्यांनी आपलं चित्र..."

"नसेल काही," ताई म्हणाली. "पण बघितल्याशिवाय त्यांनी कधी काही काढलं नाही. मग ऐकल्याशिवाय सांगितलं असेल का?"

एवढं बोलून ती चालायला लागली. मी मागून रडत चालले होते, नवऱ्यासाठी रडले नव्हते इतकी रडले. ताई मात्र सरळ घरी जाऊन दिवा लावून मोकळी झाली.

पुढच्या वर्षी पाणी उतरलं आणि भिंतीचा रंग उडायला लागला. काही ठिकाणी नवा थर सुटून खालचा जुना दिसू लागला होता, मुळाचं एक टोक, पंपघराची पायरी. ताई खालच्या खोलीत गेली, डबे हलवून कुठल्यात रंग आहे ते बघितलं आणि मला हाक मारली. आम्ही दोघी म्हाताऱ्या शिडी घेऊन बस स्टँडवर गेलो. ब्रश कधी हातात धरलेला नव्हता, पण मला कापडावर आखायची सवय होती, ताईला भाऊजींचा हात बघायची. मास्तर शाळेतून येता येता थांबले. म्हणाले, वहिनी, निदान पाणी तरी सरळ करू द्या मला, बघवत नाही हो. ताई म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. ती पुढेही दरवर्षी त्यांना तेच सांगत राहिली.

आम्ही नीळ लावलेली दोरी ताणली. ताईच्या हातात जोर राहिलेला नव्हता. तिने चिमटीत धरून दोरी सोडली तशी ती ढिली पडली आणि भिंतीवर रेघ चांगलीच वाकडी उठली. मी फडकं घेऊन पुसायला गेले.

"असू दे," ताई म्हणाली. "बरी आहे."